उन्हाळी सुट्टीत पोरांच्या हातात काय द्यावं? (वय ६ ते १६, खान्देश)

गल्लीतला_गाडा
मंडळी, मे लागला की जळगावात ४४-४५ अंश ठरलेले. दुपारी एक ते पाच पोरं घरात कोंडलेली आणि कूलरसमोर मोबाईल. आमच्या गल्लीत वीसेक मुलं आहेत, वय ६ ते १६. निम्मी मराठी माध्यमाची, बाकीची सेमी आणि इंग्रजीची. एका पत्र्याच्या पेटीत मावतील एवढी पुस्तकं घ्यायची आहेत, दीड महिना फिरवायची आहेत. यादी हवी. ‘चांगली पुस्तकं’ सगळ्यांना पाठ असतात, ती सांगू नका. पोरं खरोखर शेवटच्या पानापर्यंत जातील अशी सांगा. पेटी कशी चालवायची तेही सांगा. वाद घाला, पण यादीसकट घाला.

भरीतपुरी
यादी क्र. १: शेव. यादी क्र. २: मुरमुरे. पुस्तक आपोआप बोटाला चिकटतं.

वाचनपेटी
आधी हिशेब, मग यादी.

तिसरी-चौथीतलं मूल मनातल्या मनात मिनिटाला ७०-८० शब्द वाचतं. साध्या आकाराच्या पुस्तकात पानाला साधारण २०० शब्द धरा. शंभर पानी पुस्तक म्हणजे वीस हजार शब्द, म्हणजे चार तासांच्या वर वाचन. रोज वीस मिनिटं दिली तर तेरा दिवस. आठ वर्षांचं पोर एका गोष्टीत तेरा दिवस टिकत नाही, पाचव्या दिवशी पुस्तक गादीखाली जातं. मग आपण म्हणतो ‘याला वाचनाची आवड नाही’. आवडीचा प्रश्नच नसतो, पुस्तक लांबीला चुकलेलं असतं.

म्हणून पेटीची विभागणी: वीस मुलांना साठ पुस्तकं. त्यात ३० बारीक (१६ ते ३२ पानी, चित्रांची), २० मधली (६० ते १२० पानी, सुट्या प्रकरणांची), १० जाड. बहुतेक जण उलटं करतात. जाड पुस्तकं किमतीला परवडल्यासारखी वाटतात ना!

पुस्तक झेपेल का हे बघायला मुलाला मधलंच कुठलं तरी पान मोठ्याने वाचायला सांगा. अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पान संपायच्या आत मूठ वळली तर ते पुस्तक आत्ता नको. एकही बोट मिटलं नाही तर सोपं आहे, सुट्टीत तेही चालतं. पहिलं पान घेऊ नका, लेखकाने ते घासूनपुसून सोपं केलेलं असतं.

६ ते ८: माधुरी पुरंदरे यांचा ‘राधाचं घर’ संच आणि ‘यश’ची पुस्तकं. नॅशनल बुक ट्रस्टची ‘नेहरू बाल पुस्तकालय’ माला, स्वस्त आणि चित्रं उत्तम. विंदा करंदीकरांच्या बालकविता, ‘एटू लोकांचा देश’ वगैरे. कविता दोन मिनिटांत संपते आणि पुन्हा मागितली जाते.

९ ते ११: भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, ताम्हनकरांचा ‘गोट्या’, ‘बोक्या सातबंडे’, ‘देनिसच्या गोष्टी’. दहाच्या पुढे ‘तोत्तोचान’. प्रकरणं दोन-तीन पानांची, म्हणून अडखळत वाचणारंही रोज एक संपवतं.

१२ च्या पुढचं नंतर लिहितो, तिथे भांडण होणार हे माहीत आहे.

केळीचं_खोड
फास्टर फेणे म्हणजे सायकल, पुणं आणि पावसाळी हवा. रावेर-यावलच्या पोराला त्यात काय सापडणार?

वाचनपेटी
पाठलाग सापडतो. आणि बनेश, म्हणजे फास्टर फेणे, मुळात फुरसुंगीचा, पुण्यात शिकायला आलेलं गावाकडचंच पोर. अडचण वेगळी आहे. काही शब्द आणि वस्तू आता दिसत नाहीत: तार, ट्रंक कॉल. दोन-तीन प्रकरणं तुम्ही वाचून दाखवा, त्या ओघात शब्द सांगून टाका, पुढचं ते स्वतः वाचतं.

तापीकाठ
यादीत ‘श्यामची आई’ नाही? खान्देशात बसून? गुरुजी अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये मास्तर होते. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांची गीता-प्रवचनं त्यांनीच उतरवून घेतली. नंतर नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहायला घेतलं. अमळनेरला २०२४ साली साहित्य संमेलन भरवायचं आणि पेटीतून गुरुजी वगळायचे, हे पटत नाही.

केळीचं_खोड
आप्पा, आदर आहेच. पण आजचं पोर ते हातात घेतं, दुसऱ्या प्रकरणात रडं येतं, मिटवून ठेवतं. शाळेत सक्तीचं झालं की संपलंच.

आखाजीचा_झोका
दोघांचंही बरोबर आहे. ते एकट्याने बसून वाचायचं पुस्तकच नव्हे. त्याची रचनाच बघा: बेचाळीस रात्री, आणि रोज रात्री श्याम गोष्ट सांगतो, मंडळी ऐकतात. म्हणजे लिहिणाऱ्याने ते ऐकण्यासाठीच बांधलंय. सुट्टी साधारण तेवढ्याच दिवसांची असते. रात्री जेवणं झाल्यावर, गच्चीवर पाणी मारून झालं की एक रात्र वाचायची. दहा-पंधरा मिनिटं लागतात.

काही गोष्टी पाळाव्या लागतात:

क्रमाने जायचा हट्ट नको. प्रकरणं बऱ्यापैकी सुटी आहेत. सुरुवात ‘श्यामचे पोहणे’पासून करा. विहिरीत उडी मारायची भीती इथल्या प्रत्येक पोराला ठाऊक आहे, श्याम त्यांचा मित्र तिथेच होतो. ‘पत्रावळ’ वाचली तर दुसऱ्या दिवशी पळसाची पानं आणि काड्या आणून पोरांना खरीखुरी पत्रावळ लावायला बसवा. पान कोवळं असेल तर टाचताना फाटतं, अगदी वाळकं असेल तर मोडतं. थोडी सुकलेली मोठी पानं घ्यायची. आजीला बोलवा, काडी कुठून घालायची ते तिच्या बोटांना माहीत असतं.

आजारपणाची शेवटची प्रकरणं ओळीने वाचू नका, मध्ये दुसरं काही हलकं घाला. आणि वाचून झाल्यावर ‘यातून काय शिकलात?’ हे विचारायचं नाही. कोणी काही बोललं तर ऐकायचं.

भरीतपुरी
‘यातून काय शिकलात’ या प्रश्नाने आमच्या जिल्ह्यात जेवढे वाचक मारले तेवढे मोबाईलने मारले नसतील.

तापीकाठ
झोकाताई, हे मान्य. मोठ्याने वाचायचं असेल तर माझी तक्रार नाही. फक्त वाचणाऱ्याने हुंदका आणून वाचू नये. गुरुजींचा मजकूर मुळात ओला आहे, सपाट आवाजात वाचला तरी पोचतो.

गरजूंसाठी: गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे साठ वर्षांची स्वामित्वहक्काची मुदत २०१० अखेर संपली. त्यांचा मजकूर आंतरजालावर मोफत मिळतो, विकिस्रोतावर बघा. पण छापील प्रत घ्यायची तर स्वस्तातली घेताना दोन पानं तपासा. हक्क खुले झाल्यावर कोणीही छापतं, काही आवृत्त्यांत शुद्धलेखनाचे बारा वाजलेत.

खिळेजुळारी
छापखान्याकडून दोन शब्द. इथे सगळे मजकुरावर बोलताय, आणि पुस्तक मे महिन्यात मरतं ते बांधणीने.

पेटी पत्र्याची म्हणालात. ती पत्र्याच्याच खोलीत किंवा गच्चीच्या जिन्यात ठेवली तर आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा चढतं. नुसत्या डिंकाने चिकटवलेली पुस्तकं (आम्ही गम बाइंडिंग म्हणतो) त्या उष्णतेत ठिसूळ होतात, आणि पोराने पुस्तक उताणं उघडून दाबलं की मधोमध तडकून पानं गळतात. म्हणून घेतानाच बघा: बारीक पुस्तक असेल तर मधोमध पिना मारलेलं, जाड असेल तर दोऱ्याने शिवलेलं. शिवलेलं ओळखायला पुस्तक मधोमध उघडा, काही ठरावीक पानांनंतर घडीत दोरा दिसतो.

पेटी तळमजल्यावर, आतल्या भिंतीला, जमिनीपासून चार बोटं वर विटांवर. कूलरच्या झोतात नको. ओली हवा लागून कागद फुगतो, कडा लाटांसारख्या होतात, आणि पाऊस पडल्यावर बुरशी धरते. डांबर गोळ्या टाकू नका, पोरं पुस्तक तोंडाजवळ धरतात. वाळलेला कडुनिंबाचा पाला फडक्यात बांधून ठेवा, दर पंधरा दिवसांनी बदला. खरं औषध म्हणजे पुस्तकं हलती ठेवणं. कसर आणि झुरळ न हललेल्या गठ्ठ्यात घर करतात.

दुरुस्ती: सेलोटेप लावू नका. उन्हाळ्यात तिचा गोंद पाघळतो, शेजारचं पान चिकटतं, वर्षभरात पिवळा पट्टा पडतो. सुटलेलं पान असं बसवा: फेविकॉल तीन भाग, पाणी एक भाग. पानाच्या आतल्या कडेला दोन-तीन मिलिमीटर एवढाच हात द्या. पान आत सरकवून बाकीच्या पानांच्या कडेशी जुळवा. दोन्हीकडे प्लास्टिकचा तुकडा घाला, नाहीतर शेजारची पानं धरतात. वर पाटा किंवा वरवंटा ठेवून रात्रभर सोडा. फाटलेल्या पानाला पतंगाच्या पातळ कागदाची पट्टी आणि मैद्याची खळ. खळीत बाइंडर मोरचूद घालतात, घरी घालू नका, विष आहे; खळ रोजची रोज ताजी करा.

पूर्ण कणाच तुटला असेल तर कडेपासून आठ-दहा मिलिमीटर सोडून तीन भोकं पाडा आणि जाड दोऱ्याने शिवा. मात्र आतला समास अरुंद असेल तर ओळींची टोकं शिवणीत जातात. आधी उघडून बघा.

गल्लीतला_गाडा
खिळेभाऊ, सोनं दिलंत. जुनी पुस्तकं रद्दीतून घेतली तर काय बघायचं?

खिळेजुळारी
पुस्तक सोळा पानांच्या फर्म्यांनी, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेल्या जुड्यांनी बनतं. चूक होते ती फर्म्यांच्या सांध्यावर. एखादा फर्मा गायब असतो, नाहीतर तोच दोनदा लागलेला. सगळी पानं मोजत बसू नका. १६-१७, ३२-३३, ४८-४९ असे सांधे बघत जा. आकडे पुढे चालले असतील तर पुस्तक धड आहे. काही पुस्तकांत सुरुवातीच्या पानांचे आकडे वेगळे असतात, तिथे सांधा थोडा मागेपुढे येईल. आणि शेवटचं पान बघाच. रहस्यकथेचं शेवटचं पान गेलं तर पोर पेटीवर पुन्हा विश्वास ठेवत नाही.

सातपुडा_पायथा
नंदुरबारकडून. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या मुलांची घरची भाषा पावरी किंवा भिली. त्यांना तिसरीतसुद्धा मराठी पुस्तक म्हणजे दुसरी भाषाच. वरची वयोगटांची यादी इथे दोन-तीन वर्षांनी खाली सरकवावी लागते. पण मग दहा वर्षांच्या पोराच्या हातात बाळपुस्तक येतं आणि त्याला लाज वाटते.

यावर जमणारी रीत: आधी मजकूर न वाचता, फक्त चित्रं दाखवत, गोष्ट मुलांनाच पावरीत सांगू द्यायची. चित्रात काय चाललंय यावर ते भांडतात, भांडू द्यावं. मग तीच गोष्ट मराठीत वाचायची, ओळीखाली बोट फिरवत. तिसऱ्या वेळी मुलं आपण होऊन ओळी पकडतात, कारण काय घडणार हे ठाऊक असतं आणि डोकं फक्त अक्षरांवर लागतं. यासाठी चित्र आणि मजकूर एकाच उघड्या जोडपानावर हवा. चित्र उलटून पाठीमागे मजकूर असेल तर ही रीत चालत नाही.

प्राण्यांची, झाडांची, यंत्रांची माहितीची पुस्तकं घ्या. त्यात ‘बाळबोध’ काही नसतं, मोठ्या मुलाला लाज वाटत नाही, आणि मजकूर चित्राखाली दोन-दोन ओळींचा असतो.

वाचनपेटी
सातपुडाभाऊंची शेवटची ओळ इंग्रजी माध्यमाच्या पोरांनाही लागू आहे. बारा वर्षांचं डोकं आणि मराठी वाचनाची गती आठ वर्षांची. त्यांना संवाद जास्त असलेली पुस्तकं द्या. संवादाच्या ओळी छोट्या, पान लवकर उलटतं. ‘चिंटू’ चालतो, अमर चित्रकथा मराठीत मिळते.

तापीकाठ
चित्रकथा म्हणजे वाचन नव्हे.

पांझरा
का बरं? फुग्यातलं वाचावंच लागतं. शिवाय दोन चित्रांच्या मध्ये जे घडलं ते मनात जोडावं लागतं. अडचण एवढीच की पंधरा मिनिटांत संपतं, साठ्याला परवडत नाही. पेटीत दहापर्यंत ठेवा, जास्त नको.

केळीचं_खोड
भो, पोरं वाचतस नही म्हनतस, मायबाप तरी वाचतस का? वीस घरात वर्तमानपत्र किती, ते आधी मोजा.

आखाजीचा_झोका
खोडभाऊ, टोला बरोबर जागी. घरातलं मोठं माणूस त्या वीस मिनिटांत स्वतःचं काही घेऊन बसलं तर पोराला वेगळं सांगावं लागत नाही. पंचांग वाचलं तरी चालेल.

मला बहिणाबाई सुचवायच्या होत्या. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावर गौराईची गाणी होतातच, त्याच दिवसांत ‘बहिणाबाईंची गाणी’ पेटीत हवी. आपल्या अहिराणीत पोरांना ती चटकन लागतात.

असोदा_रोड
ताई, एक दुरुस्ती. बहिणाबाईंचं माहेर असोदा, बोली लेवा गणबोली. अहिराणी धुळे-अमळनेरकडची. बहिणी आहेत, पण एक नव्हेत. याने पेटीत फरक पडतो तो असा: धुळ्याकडच्या पोराला काही शब्द परके वाटतात, आणि जळगाव-भुसावळकडचं पोर आजीच्या तोंडचे शब्द छापलेले बघून हरखतं. दोन्हीकडे कविता आधी ऐकवावी. छापील पानावर ती बोली डोळ्याला अवघड दिसते, कानाला नाही. रोज एक, चालीवर म्हणायची. पुस्तक १९५२ साली आलं, त्या गेल्यानंतर. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी उतरवून ठेवलं म्हणून आपल्याला मिळालं, हे पोरांना जरूर सांगा. मग घरातल्या आजीकडून ओव्या, म्हणी, आखाजीची गाणी उतरवायला एक दोनशे पानी वही द्या. एका पानावर एकच गाणं: वर सांगणारीचं नाव, खाली अडलेल्या शब्दांचे अर्थ. मोबाईलवर आवाज मुद्रित करून मग उतरवलं तर आजी थकत नाही.

भरीतपुरी
आजी थकत नाही, फक्त मधेच कुरडयांचा चीक ढवळायला उठते.

आखाजीचा_झोका
दुरुस्ती मान्य. मग बालकवीही घ्या, धरणगावचे. ‘आनंदी आनंद गडे’ आणि ‘फुलराणी’ पाठ करायला. ‘औदुंबर’ चौदाच्या पुढे.

पांझरा
आता मोठ्या मुलांचं बोलू, सगळे टाळताय.

तेरा ते सोळा या वयात मूल ‘बालसाहित्य’ लिहिलेलं मुखपृष्ठ हातात धरत नाही. त्यांचा कप्पा वेगळा ठेवा, लहान मुलांच्या खोक्यात मिसळू नका. आणि नोंदवही त्यांच्याच ताब्यात द्या.

१२-१४ साठी: प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’. लंपनच्या डोक्यात चाललेलं सगळं त्या वयाचंच आहे. सुरुवातीला बेळगावकडची भाषा अडते, पहिली कथा वाचून दाखवा. नारळीकरांचं ‘यक्षांची देणगी’: विज्ञानकथा, सुट्या, त्यामुळे कुठूनही सुरू होतं. माडगूळकरांचं ‘बनगरवाडी’: बारीक पुस्तक, वाक्यं छोटी, माणदेशचा दुष्काळ आपल्याकडच्या पोराला समजावून सांगावा लागत नाही. ‘पाडस’, राम पटवर्धनांचा अनुवाद, जाड आहे पण हरणाचं पिल्लू आल्यावर सुटत नाही. पिल्लू यायला बराच वेळ लागतो, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर पन्नासाव्या पानावर परत येईल.

१५-१६ साठी: माडगूळकरांचं ‘सत्तांतर’, वानरांच्या टोळीची गोष्ट, एका बैठकीत होते. ‘एका कोळियाने’, पुलंचा अनुवाद. चितमपल्लींची जंगलाची पुस्तकं. पाल-यावलचं रान जवळ आहे, वाचून मग बघायला जाता येतं. मिलिंद बोकिलांची ‘शाळा’, पण ती आधी स्वतः वाचा आणि मग द्या, लपवून वाचण्यापेक्षा उघड बरी.

तापीकाठ
नेमाडे? सांगवीचे, आपल्या यावल तालुक्यातले.

पांझरा
‘कोसला’ अठराला. सोळाला दिली तर पोरं त्यातला नायक सांगवीकर होऊन खोलीचं दार लावून बसतात, दहावीचा निकाल तोंडावर असतो.

गल्लीतला_गाडा
🙂 आणि जो कशालाच हात लावत नाही त्याचं काय? वय चौदा, क्रिकेट आणि गेम.

पांझरा
त्याला गोष्ट देऊ नका, कोडं द्या. पाटणादेवी चाळीसगावजवळ आहे, भास्कराचार्यांचं नाव त्या भागाशी जोडलेलं आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने मठ स्थापला, त्याचा १२०७ सालचा शिलालेख पाटणचा. आता ‘लीलावती’तलं हे गणित गल्लीच्या फळ्यावर लिहून ठेवा:

भुंग्यांचा थवा आहे. पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलावर. या दोन हिश्श्यांतल्या फरकाच्या तिप्पट भुंगे कुड्यावर गेले. एक भुंगा उरला, तो हवेत घिरट्या घालतोय. एकूण किती?

उत्तर लिहू नका. ‘क्ष’ मांडून येतंच, पण ज्याला बीजगणित नको त्याने पाच आणि तीन दोन्हींनी भाग जाणारी संख्या धरून बघावी. ज्याने सोडवलं त्याने दुसऱ्या दिवशीचं कोडं आणायचं, म्हणजे पुस्तक उघडून शोधायचं. वाचन मागच्या दाराने येतं.

क्रिकेटवाल्याला खेळाडूंची चरित्रं द्या असं सगळे सांगतात. तीही चालतात, पण आधी सामन्यांचे अहवाल कापून चिकटवलेली वही ठेवून बघा. एकेक पान, तारखेसकट.

भरीतपुरी
१५. बक्षीस म्हणून शेवेचा पुडा पाठवा.

पांझरा
उत्तर लिहू नका म्हटलं होतं ना राव!

सातपुडा_पायथा
पैसे कमी असतील तर दोन मोफत ठिकाणं. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय, जुने अंक आंतरजालावर फुकट वाचता येतात. दुसरं, प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर. मराठीत भरपूर गोष्टी, पातळी १ ते ४ अशी विभागणी, आणि परवाना खुला आहे, म्हणजे श्रेय ठेवून छापून वाटता येतं. श्रेयाचं शेवटचं पान फाडू नका.

छापताना सगळे एकाच ठिकाणी फसतात. तिथली बरीच पुस्तकं आडव्या पानांची आहेत. झेरॉक्सवाला सवयीने ‘बुकलेट’ लावतो, मग दोन आडवी पानं शेजारी-शेजारी येऊन अक्षर मुंगीएवढं होतं. त्याला सांगा: उभ्या ए-फोरवर दोन पानं, एकाखाली एक, एकाच बाजूने. मधोमध कापा. मग कोऱ्या बाजू एकमेकींना चिकटवा. पान जाड होतं, सहा वर्षांच्या हातातही टिकतं. डाव्या कडेला एक सेंटिमीटर सोडून तीन पिना, वर कापडी पट्टी. चिकटवताना गोंद पातळ आणि फक्त कडांना लावा. पूर्ण पानाला लावला की आमच्या उन्हात वाळताना पान वळतं.

पातळी १ आणि २ रंगीत छापा. ३ आणि ४ काळ्या-पांढऱ्यात चालतात, फक्त गडद पार्श्वभूमीवरचा मजकूर आहे का ते आधी बघा. तो काळ्या-पांढऱ्यात वाचताच येत नाही.

केळीचं_खोड
हे भारी. आणि लग्नसराईचं काय? मे महिन्यात अर्धी गल्ली मामाच्या गावी. पुस्तक गेलं चोपड्याला, परत येतं दिवाळीला.

वाचनपेटी
त्यासाठीच या घरी छापलेल्या प्रती. गावाला जाणाऱ्याला फक्त त्या द्यायच्या, हरवल्या तरी पुन्हा छापता येतात. विकतची जाड पुस्तकं गल्लीबाहेर नाहीत.

नोंदवहीला चारच रकाने: पुस्तकाचा क्रमांक, मुलाचं नाव, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख. ‘अभिप्राय’चा रकाना टाकू नका, तो भरायचा म्हणून पोरं पुस्तक आणून देत नाहीत. मुदत सात दिवस, दंड नाही. उशीर झाला तर पुढचं पुस्तक बारीकच मिळेल, एवढा नियम पुरतो. पेटी उघडायची वेळ सकाळी सात ते आठ किंवा संध्याकाळी सातनंतर. दुपारी उघडलीत तर पोरं उन्हातून येतील आणि आया तुम्हाला बोलतील.

गावात अनुदानित सार्वजनिक वाचनालय असेल तर ग्रंथपालाला भेटा. बालविभागाची पुस्तकं बऱ्याच ठिकाणी कपाटात कुलपाखाली असतात. एखाद्या प्रौढाच्या नावावर सभासदत्व घेऊन आठवड्याला पुस्तकं बदलून आणलीत तर पेटीचा साठा न विकत घेता वाढतो.

खिळेजुळारी
अवांतर: क्रमांक मुखपृष्ठावर चिकटवू नका, घामाच्या हाताने सुटतो. आतल्या पहिल्या पानावर आणि शिवाय एका ठरलेल्या आतल्या पानावर, समजा १७ वर, पेनने लिहा. मुखपृष्ठ गेलं तरी पुस्तक ओळखता येतं.

गल्लीतला_गाडा
सगळं उतरवून घेतलंय. शेवटचा प्रश्न. फास्टर फेणेचे बरेच भाग आहेत. अख्खा संच घेऊ की निवडक, आणि एकेक प्रत की दोन?

वाचनपेटी
अख्खा संच नको, पाच-सहा भाग घ्या. गोष्टी सुट्या आहेत, क्रम लागत नाही. एका भागाच्या मात्र दोन प्रती घ्या. दोघं मित्र एकाच वेळी तेच वाचत असले की पुढे कोण जातो याची शर्यत लागते. दुसऱ्या प्रतीचे पैसे वाचवायचे असतील तर रद्दीत बघा, सांधे तपासून.

भरीतपुरी
आणि शेवेचा पुडा कुरिअरने आला तरी चालेल. लसणाची.